शिवलेल्या साड्या

आज मूळ नक्षत्रावर अक्षता टाकून मुखवटे हलवले आणि मी दुपारच्या गाडीने परतले. सगळं छान झालं. सगळे आले होते. तरी मनात काहीतरी सलतंय, आणि ते काय हे मला नीट ठाऊक आहे. सांगायची लाज वाटते, एवढंच.

महालक्ष्म्या अनुराधा नक्षत्रावर येतात. मी पोचले तेव्हा मुहूर्ताला अवकाश होता, म्हणून पदर खोचून थेट आतल्या खोलीत गेले. बघते तर ज्येष्ठा-कनिष्ठा नेसून तयार! मुखवटे तेवढे बसवायचे बाकी. नव्या सुनेने बाजारातून शिवलेल्या नऊवारी आणल्यात. वरून घालायची, मागे वेल्क्रो लावायचा, झालं. "काकू, दहा मिनिटांत उरकलं. तुम्ही दमून आलात, बसा ना."

बसले.

लोखंडी स्टँडला साडी नेसवणं म्हणजे खेळ नाही. त्याला ना कंबर ना खांदे. सुतळीने आवळायचं, आतून टाचण्या लावायच्या, एकेक निरी बोटाने चेपत खाली ओढायची. दोघींचे पदर एका उंचीवर हवेत, नाहीतर सासूबाई उंबऱ्यातूनच म्हणायच्या, "धाकटी वाकडी दिसतेय गं." आता म्हणायला त्या नाहीत. असो.

आमच्याकडे जमीन वाटली, भांडी वाटली, चुली तर कधीच वेगळ्या झाल्या. मुखवटे तेवढे वाटले नाहीत, ते थोरल्या घरी. म्हणून वर्षातून एकदा तिथे जावंच लागतं, भावजींचं आणि ह्यांचं बोलणं असो वा नसो. (यंदा होतं का, ते लिहीत नाही.) सणाने माणसं एकत्र येतात म्हणतात. मला वाटतं, कामाने येतात. सोळा भाज्या एकटीने निवडून होत नाहीत. एवढ्या पानांचं पुरण एका हाताने वाटून होत नाही. फुलोरा बांधायला उंच पुतण्या लागतो. ज्याच्या हाताला काम, त्याचं ते घर. आणि माझ्या हातात चहाचा कप! तोही बशीसकट, पाहुण्यांना देतात तसा.

"लक्ष्मी आली, कशाच्या पावलांनी?" विचारत मुखवटे दारातून आत आले, तेव्हाही मी मागेच उभी. "सोन्याच्या पावलांनी" म्हणताना आवाज फुटेना. एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय, असं स्वतःला किती समजावलं. पण टाचणीचं काम गेलं म्हणजे काय गेलं, हे कुणाला कळायचं?

पूजनाच्या दिवशी मला पहिल्या पंगतीत बसवलं. त्या घरात तव्यावरची पुरणपोळी मी कधी खाल्ल्याचं आठवत नाही. माझ्या वाट्याला शेवटच्या पंगतीची गार पोळी आणि थिजलेलं तूप. काल मात्र तूप पोळीवरून ओघळून पार भातापर्यंत गेलं. वाईट वाटून घेत घेत दोन पोळ्या खाल्ल्या. आंबिलीत मीठ कमी होतं. बोलले नाही. पाहुण्याने बोलायचं नसतं.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या. शेजारच्या वहिनी लक्ष्म्यांपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "अगंबाई, निऱ्या किती चापूनचोपून! कुणी नेसवल्या?" जाऊबाई ओटी भरता भरता, वरही न बघता म्हणाल्या, "आमच्या धाकटीने, आणखी कोण! तिच्यासारखं कुणाला जमतंय?"

नवी सून कुंकवाची कोयरी घेऊन माझ्या शेजारीच उभी. तिने माझ्याकडे पाहिलं. मी वहिनींकडे पाहून हसले आणि म्हटलं, "सवय झालीय आता हाताला."

पोरगी गुणाची. अवाक्षर काढलं नाही. साड्या तिच्या, नाव माझं. जमिनीच्या वाटणीपेक्षा ही बरी झाली.