पाचचं भोक, सहाचा बोल्ट

धातूत आटे पाडून सहा मिलिमीटरचा बोल्ट बसवायचा आहे, तर ड्रिल कितीचं मारायचं? ‘सहाचं’ हे उत्तर इतकं सरळ वाटतं की ते चुकीचं असेल अशी शंकाही येत नाही. मग सहाच्या भोकात एम ६ चा (म्हणजे सहा मिलिमीटरच्या बोल्टचा) टॅप, आटे पाडायचं हत्यार, सोडला की तो विहिरीत पोहरा उतरावा तसा खाली जातो. हाताला काही लागत नाही, कीस निघत नाही. आटे पाडायला भोकाच्या कडेला धातू राहायला हवा, तोच आपण आधी ड्रिलने काढून टाकलेला असतो.

म्हणजे ड्रिल निवडायचं ते किती काढायचं यासाठी नाही, किती ठेवायचं यासाठी. हिशोब तिसरीतल्या वजाबाकीचा आहे : बोल्टच्या व्यासातून पिच वजा करा. पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर. एम ६ चा पिच १, म्हणून ड्रिल ५. एम १० चा दीड, म्हणून ८.५. एम ८ चा सव्वा, उत्तर ६.७५ येतं आणि दुकानात ६.८ मिळतं. एम ५ ला ४.२, एम ४ ला ३.३, एम १२ ला १०.२. हे सगळं जाड आट्यांचं. फाइन पिच, म्हणजे बारीक आटे, असतील तर वजाबाकी बदलते, म्हणून आधी आट्यांचं अंतर मोजणारं पिच गेज बोल्टला लावून बघावं.

इथवर समजलं की माणसाला दुसरा मोह होतो. भोक आणखी लहान ठेवलं तर आटे आणखी भरीव होतील, नाही का? होतील. पाचच्या ड्रिलने एम ६ ला साधारण ७७ टक्के उंचीचे आटे मिळतात, ४.८ ने ९२ टक्के. पण मजबुती त्या मानाने वाढत नाही. वर्कशॉपमधला जुना ठोकताळा असा की पूर्ण उंचीचे आटे पाऊण उंचीच्या आट्यांपेक्षा जेमतेम पाच टक्के मजबूत असतात, आणि टॅप फिरवायला मात्र जवळपास तिप्पट जोर लागतो. तो जोर खातो बिचारा टॅप. एमएसच्या (साध्या मऊ पोलादाच्या) जाड पट्टीत ६० टक्के आटे असले तरी ओढाताणीत आधी बोल्ट तुटतो, आटे सहसा शाबूत राहतात. मग ९२ टक्क्यांची हाव कुणासाठी?

खरी गंमत होते ती हार्डवेअरच्या दुकानातला ड्रिलचा डबा उघडल्यावर. एक ते तेरा, अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने चढत जाणारा, रांगेत उभी पंचवीस ड्रिलं. दिसतो भरलेला, पण टॅपवाल्याला फारसा कामाचा नाही. एम ३ ला २.५ सापडतं, एम ६ ला ५, एम १० ला ८.५, पण एम ४, एम ५, एम ८ आणि एम १२ ची सोय नाही. एम ८ घ्या. डब्यात ६.५ आहे, ७ आहे, हवं ते ६.८ नाही. साडेसहा मारलं तर आटे ९२ टक्के आणि टॅप मोडायची तयारी. सात मारलं तर ६२ टक्के. अडलंच तर सात घ्यावं आणि खोली थोडी वाढवावी. एम ५ ची अडचण त्याहून वाईट : चारने ९६ टक्के, साडेचारने ४८. दोन्ही नकोत. ४.२, ३.३, ६.८ आणि १०.२ ही चार ड्रिलं सुटी आणून टॅपच्याच खोक्यात ठेवावीत. मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात ती मागितली की दुकानदार पुढचा प्रश्न विचारत नाही. कशासाठी हवीत ते त्याला कळलेलं असतं.

स्टेनलेसचा स्वभाव वेगळा. तो घासला की कडक होतो, त्यामुळे तिथे एम ६ ला ५.१ घ्यावं, अगदी नाइलाज असेल तर ५.२, आणि कटिंग ऑइलची कंजुषी करू नये. आटापिटा म्हणजे काय ते स्टेनलेसमध्ये बोथट टॅप घातल्यावर कळतं. बीड (ओतीव लोखंड) कोरडंच चालतं, त्याचा भुगा होऊन पडतो. ॲल्युमिनियमला रॉकेलचे चार थेंब पुरतात; मात्र धातू मऊ, म्हणून आट्यांची खोली व्यासाच्या दीडपट ते दुप्पट हवी. फॉर्म टॅप असेल तर अख्खं गणितच बदलतं, कारण तो धातू कापत नाही, दाबून वर सरकवतो. तिथे अर्धाच पिच वजा करायचा : एम ६ ला साडेपाच.

आणि ड्रिलवर लिहिलेला आकडा म्हणजे भोकाचा आकडा, असं धरून चालू नये. हाताने धार लावताना ड्रिलच्या टोकाचा एक ओठ, म्हणजे कापणारी कड, लांब राहिला की पाचचं ड्रिल ५.२ चं भोक पाडतं. भंगार तुकड्यावर एक भोक मारून व्हर्नियर लावला तर निम्मे घोटाळे तिथेच कळतात. आरपार नसलेल्या भोकात टॅपच्या टोकाचा उतार मावेल एवढी, म्हणजे चार-पाच पिच जास्तीची खोली ठेवायची, नाहीतर टॅप तळाला टेकतो आणि आपण त्यालाच ‘घट्ट आहे’ समजून पिळत बसतो.

पिळला की कट्‌ असा आवाज येतो. मोडका टॅप साध्या ड्रिलला दाद देत नाही. जॉब, म्हणजे ज्यात भोक पाडलं तो तुकडा, ॲल्युमिनियमचा असेल तर एक घरगुती उपाय आहे : काचेच्या भांड्यात तुरटीचं दाट पाणी, जॉब त्यात बुडवून मंद गरम ठेवायचा. पोलादी टॅप हळूहळू विरघळतो, ॲल्युमिनियमला धक्का लागत नाही. वेळ बराच जातो, मधूनमधून नवी तुरटी घालावी लागते. एमएस किंवा बीडाच्या जॉबवर मात्र हा प्रयोग करू नये. तिथे तुरटी टॅपबरोबर जॉबही खाते.