डावी कूस

सोलापुरात आमच्या क्लिनिकमध्ये टाइप 1 मधुमेहाची मुलं येतात. इन्सुलिनचा डोस डॉक्टर ठरवतात. तो घरी कसा निभवायचा, हे आईबापांना शिकवणं माझं काम. त्या सोमवारी सात वर्षांच्या एका मुलाची आई आली आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, “मॅडम, हे दंडावरचं काढून टाका. झोप उडालीय माझी.”

दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर लावल्यापासून जवळपास रोज रात्री दोन-अडीचला मोबाइल बोंबलायचा, शुगर 70 च्या खाली! ती पेंगुळलेल्या पोराला उठवून ग्लुकोजचं पाणी पाजायची आणि आकडा चढेपर्यंत जागायची. सकाळी शुगर 280. मग सासूबाईंचं सुरू, “रात्री गोड पाजतेस, मग वाढणारच की.” नवरा एमआयडीसीत रात्रपाळीला.

मी ग्राफ उघडला. शुगर खरोखर उतरते तेव्हा रेघ बहुधा हळूहळू खाली येते. इथे ती विहिरीत दगड टाकावा तशी पडत होती, आणि थोड्या वेळानं तितकीच झटक्यात वर.

“कुठल्या कुशीवर झोपतो हा?”

“डाव्या. भिंतीकडे तोंड करून.”

सेन्सर डाव्याच दंडावर होता. तो रक्तातली शुगर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो. दंड अंगाखाली दाबला गेला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि आकडा खोटाच घसरतो. बोट टोचून पाहिलं का, विचारलं. “झोपलेल्या लेकराला कशाला टोचायचं?” तिचंही बरोबरच. टोचणं टळावं म्हणूनच तर एवढे पैसे घातले होते. विकणारे हे दाबाचं प्रकरण सांगत नाहीत, याचा मला दरवेळी राग येतो.

पुढचा सेन्सर उजव्या दंडावर लावायचं ठरलं. अलार्म झाला की आधी कूस बदलायची, मग बोट टोचायचं. खरंच 70 च्या खाली असेल तर ग्लुकोज, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बोटच. सेन्सर रक्तातल्या शुगरच्या काही मिनिटं मागे असतो, त्याचा आकडा बघत पाजत राहिलं की जास्त होतं. पोर थरथरत किंवा घामाघूम असेल तर मात्र टोचत बसायचं नाही, ग्लुकोज आधी.

अलार्म दुसऱ्याच्या मोबाइलवरही घेता येतो, हे तिला माहीतच नव्हतं. पण नवऱ्याच्या कारखान्यात मोबाइल आत नेऊ देत नाहीत, म्हणजे त्याचा उपयोग दिवसपाळीच्या आठवड्यांपुरताच. उरल्या सासूबाई.

पुढच्या वेळी त्या आल्या. नातवाला टोचायला हात धजेना, म्हणून मी माझं बोट पुढे केलं. दोनदा देवाचं नाव घेऊन त्यांनी टोचलं आणि चष्मा सरकवून आकडा वाचला, “चौऱ्याण्णव. तुमची बरी आहे की!” मग सुनेकडे वळून म्हणाल्या, “मंगळवार-गुरुवार मोबाइल माझ्या उशाशी ठेव. तेवढा आवाज मोठा करून दे.”