हुरडा, विहीर आणि साडेसहा कोटी वर्षं

सोलापुरात कुणालाही विचारा, "जवळपास ज्वालामुखी कुठे बघायला मिळेल?" उत्तर ठरलेलं: लोणार. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी विचारलं तर पाच मिनिटांत चार जणांनी लोणार लिहिलं आणि एका काकांनी तळ्याचा फोटो टाकून वर "गुड मॉर्निंग" पण टाकलं. आता लोणारचं विवर ज्वालामुखीचं नाही. उल्का आदळून पडलेला तो खड्डा आहे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा. ज्या खडकावर ती आदळली तो मात्र ज्वालामुखीचा. पूर्वी अभ्यासकसुद्धा त्याला ज्वालामुखीचं मुख समजायचे, म्हणून काकांना फार बोलत नाही. पण बुलढाणा जिल्ह्यापर्यंत जाऊन यायचं म्हणजे सगळा शनिवार-रविवार गाडीत, आणि धाकट्याला मोहोळ यायच्या आत गाडी लागते.

हे सगळं सुरू झालं थोरलीच्या शाळेतल्या प्रयोगामुळे. वर्गातल्या निम्म्या मुलांनी मातीचा डोंगर करून त्यात खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतलं, वर लाल रंग. हिला ते खोटं वाटलं. "खरा दाखव," म्हणाली. भारतातला जिवंत ज्वालामुखी एकच, अंदमानातल्या बॅरन बेटावरचा. तिथल्या तिकिटांचा हिशेब नवऱ्याने कुणी न विचारता मांडला आणि विषय मिटवला.

मग मी आधी आयतं काही मिळतंय का ते शोधलं. हुरडा पार्टीच्या जाहिराती हल्ली "शैक्षणिक सहल" म्हणूनच येतात. एका ठिकाणी फोन केला. माणशी साडेसहाशे, त्यात हुरडा, बैलगाडी, रेन डान्स आणि "मुलांना मातीची ओळख". मातीची ओळख म्हणजे काय, असं विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, मातीत खेळायला सोडतो." पैसे देऊन माझी मुलं मातीत खेळणार असतील तर आमच्या सोसायटीची पार्किंग काय वाईट आहे? जानेवारीत थंडीत रेन डान्स कोण करतं हेही मला आजवर कळलेलं नाही.

खरं सांगायचं तर सोलापूरकराने ज्वालामुखी बघायला कुठे जायची गरजच नाही, आपण त्याच्यावरच राहतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा वाहिला. डोंगर नाही, वरून धूर सोडणारं शेंडीसारखं तोंड नाही. कढईतला गुळाचा पाक ताटात ओतल्यावर जसा आपसूक कडेपर्यंत पसरतो तसा तो सपाट पसरला, निवला, मग त्यावर पुन्हा दुसरा, पुन्हा तिसरा. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर हा काळा खडक उरलेला आहे. काही प्रवाह तर जुन्या नद्यांच्या खोऱ्यांतून पार आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत गेले असं मानतात. हे मी जेवताना सांगितलं तेव्हा धाकटा खुर्चीवरून खाली वाकून फरशीकडे बघत होता. थोरली म्हणाली, "मग दिसत का नाही?"

दिसत नाही कारण वर काळी माती आहे. तीही त्याच खडकाची झिजून झालेली. म्हणून ठरवलं की वर चढायचं नाही, खाली बघायचं. आणि खाली बघायची सोय माझ्या मामाकडे होती. दक्षिण सोलापूर तालुक्यात त्याचं रान आहे आणि गड्ड्याची जत्रा संपल्यावर त्याने नवी विहीर पाडायला घेतली होती.

शनिवारी सकाळी सोलापूरचा भुईकोट किल्ला केला. तटाचा दगड हात लावून बघा, हाच तो, असं मी सांगेपर्यंत दोघं पेरूच्या गाडीपाशी पोचले होते. पुढे.

मामाच्या रानात पोचलो तेव्हा आगटी पेटलेली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात गूळभेंडी ज्वारीची कणसं, शेजारी शेंगा चटणी, डहाळा, बोरं, ताक आणि मामीचा आग्रह. मामीच्या आग्रहापुढे बाकी सगळा पाहुणचार फिका आहे, पण तो दोन तास चालतो आणि "बास" या शब्दाचा तिच्यावर परिणाम होत नाही. मी सारखी विहिरीकडे बघत होते. शेवटी यारीचा, म्हणजे विहिरीतला दगड वर ओढणाऱ्या क्रेनचा, आवाज सुरू झाला तशी मुलंच उठून पळाली.

विहीर पाच परस, म्हणजे पाच माणसांच्या उंचीएवढी, खोल झाली होती. काठाला दोर बांधून मुलांना त्याच्या अलीकडे उभं केलं (मी दोघांच्या कॉलरी धरून होते, फोटो एकही काढता आला नाही). आणि खरंच, असं पुस्तक मी पाहिलेलं नाही. वर माणूस बुडेल एवढी काळी माती, भेगाळलेली. तिच्याखाली पांढऱ्या चुनखडीच्या खड्यांचा पट्टा. मग पिवळसर मुरूम. मग करडा, भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा खडक. मध्येच हातभर जाडीची विटकरी रंगाची रेघ, गेरूसारखी, विहिरीच्या चारी बाजूंनी गोल फिरलेली. आणि तळाला काळाभोर, घट्ट, ओला दगड.

खोदणाऱ्या टोळीचा म्हातारा मुकादम बिडी विझवून आमच्यापाशी आला. त्याला वाटलं आम्ही पाणाडी, म्हणजे पाणी कुठे लागेल ते सांगणारा, घेऊन आलोय. मुलांना विहीर बघायचीय म्हटल्यावर त्याला काय आनंद झाला! शाळेत भूगोल शिकवायला असा माणूस हवा.

"ही वरची काळी. ह्यो मुरूम. ह्यो भोकाचा हाय न्हवं, ह्यो मांजऱ्या. आन् बुडाला हाय त्यो पाषाण. मांजऱ्या लागला की पाणी लागतंय, पाषाण लागला की पैसा लागतोय."

इतक्या वर्षांत भूजलावर ऐकलेल्या सगळ्या भाषणांपेक्षा ही दोन वाक्यं जड आहेत. लाव्हा वाहत येतो तेव्हा त्यात वायू असतो. वर येऊ बघणारे बुडबुडे थराच्या वरच्या भागात अडकतात आणि खडक निवला की भोकं तशीच राहतात. पुढे त्यांतून पाणी झिरपत राहिलं आणि त्यात विरघळलेली खनिजं भोकांत साचली, तेच ते पांढरे ठिपके: झिओलाइट, कॅल्साइट, कुठे गारगोटी. हा भाग लवकर कुजतो, झिजतो, म्हणून त्यात पाणी मुरतं. थराचा मधला भाग सावकाश निवतो, तो घट्ट. त्यात भेगा असतील तरच पाणी, नाहीतर नुसता सुरुंगाचा खर्च.

"आणि ती लाल रेघ?" थोरलीने विचारलं.

मुकादम म्हणाला, "त्यो गेरू. त्यो लागला की समजायचं, आता खाली दुसरा दगड चालू."

बरोबर दुसरा दगड! एक प्रवाह निवल्यावर पुढचा येईपर्यंत बराच काळ गेला. तेवढ्यात ऊन-पावसाने वरचा खडक झिजून माती झाली, आणि मग त्या मातीवर नवा लाव्हा येऊन ती भाजली गेली. मी हे समजावत होते तर थोरली मध्येच म्हणाली, "म्हणजे ती लाल रेघ म्हणजे तेव्हाची जमीन? तिच्यावर ऊन पडायचं?" मी हो म्हटलं आणि मलाच एकदम कसंतरी झालं. गुडघ्याएवढ्या जाडीच्या त्या मातीवर कधीकाळी पाऊस पडला होता आणि आता यारीची बादली तिला घासत वरखाली करत होती.

त्याहून भारी गोष्ट तिनेच शोधली. विहिरीतून काढलेल्या दगडांचा ढीग बांधाला लागून पडला होता. आम्ही त्यात पांढरे खडे वेचत होतो तर ती म्हणाली, "आई, हा ढीग उलटा आहे." खरंच की. विहिरीत सगळ्यात वर काळी माती, ढिगात ती सगळ्यात खाली. विहिरीच्या तळाचा, सगळ्यात जुना पाषाण ढिगाच्या माथ्यावर. नवऱ्याने मोबाईलमधून डोकं वर काढून पहिल्यांदा ढिगाकडे पाहिलं. मग त्यानेही वेचायला सुरुवात केली आणि तास दीड तास थांबला नाही. त्याला एका दगडाच्या पोटात सुयांसारखे बारीक पांढरे स्फटिक मिळाले, सूर्याकडे धरल्यावर चमकणारे. तो दगड आता टीव्हीच्या खाली आहे आणि त्याला कुणी हात लावायचा नाही, असा घरात नियम झालाय.

व्हिनेगरचा हिशेबही तिथेच चुकता झाला. मामीकडून लिंबू आणलं, चुनखडीचा खडा दगडावर ठेचून पूड केली आणि वर पिळलं. फसफसली. मग चकचकीत पांढऱ्या खड्यांची पूड केली, एक फसफसला, दुसरा ढिम्म. फसफसला तो कॅल्साइट, ढिम्म राहिला तो दुसरा कुणीतरी. धाकट्याने मामीची सगळी लिंबं संपवली. गुळावर, बोरांवर आणि बैलाच्या शिंगावरही त्याने प्रयोग करून पाहिला. बैलाने सहन केलं.

चारच्या सुमाराला मुकादम ओरडला, "बार हाय, बाजूला व्हा!" आम्हाला पार लांब, बाभळीपलीकडे नेऊन उभं केलं. यारी बाजूला, माणसं वर, कुत्रं बांधलेलं. मग जमिनीतून पायाला आधी धक्का आणि मागून आवाज, विहिरीतून धुळीचा लोट. धाकटा नाचायलाच लागला: "फुटला! फुटला!" दख्खनचा लाव्हा असा फुटून उडाला नाही, बहुतेक नुसता वाहिला, हे मी त्याला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्याचा तो आनंद माझ्या भूगोलापेक्षा मोठा होता, आणि माझे कानही बसलेले होते.

धक्क्यावरून मामाला किल्लारीचा भूकंप आठवला. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, गणपती नुकतेच विसर्जन झालेले, आणि मांडणीवरची भांडी आपोआप वाजायला लागलेली. त्यानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला खोल बोअर घेतलं होतं. तिथे हा काळा दगड ३३८ मीटर गेला, म्हणजे अकराशे फुटांच्या वर, आणि मग खाली वेगळाच, कितीतरी जुना खडक लागला. महाबळेश्वरकडे हेच थर किलोमीटरच्याही वर जाडीचे आहेत, आपल्याकडे यायच्या आत पातळ होत येतात. हे ऐकून मामा विहिरीकडे बघत गप्प बसला. मला वाटलं भारावला. तो फुटामागचा दर लावून बघत होता.

रविवारी नळदुर्ग. सव्वीस जानेवारीला जोडून आलेली सुट्टी, त्यामुळे अर्धं सोलापूर तिथेच. किल्ला अप्रतिम आहे यात वाद नाही. बोरी नदीने कोरलेला काळा कडा, त्यावर तट, आणि इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातला तो बंधारा, ज्याच्या पोटात पाणीमहाल आहे. कड्याच्या उघड्या अंगावर थरावर थर स्पष्ट दिसतात आणि कालच्या विहिरीमुळे मुलांना ते सांगावे लागले नाहीत, हा मोठा फायदा. पण पाणीमहालाच्या अरुंद पायऱ्यांवर वर येणारे आणि खाली जाणारे असे समोरासमोर अडकले की कुणीच मागे सरत नाही. एक जण तिथे उभा राहून व्हिडिओ कॉलवर कुणाला तरी महाल दाखवत होता, मागे पन्नास माणसं. नर-मादी धबधबे जानेवारीत कोरडे, ते पावसाळ्यात बंधारा भरून वाहिला तरच, हे फाटकावरच पाटी लावून सांगितलं तर शंभर बापांचे "पाणी कुठाय रे" वाचतील. उपळी बुरुजावर वारा छान होता. तोफेवर बसू नका असं लिहिलेलं असताना तोफेवर बसलेली कुटुंबं मोजायचा खेळ धाकट्याने काढला. परत येताना दोघंही झोपली आणि गाडीच्या मागच्या सीटखाली दगड खडखडत राहिले.

तुम्हाला असं करायचं असेल तर हुरड्याच्या दिवसांतच करा, म्हणजे विहिरींची कामं चालू असतात आणि ऊन सोसवतं. एप्रिलमध्ये सोलापूरच्या रानात मुलांना नेऊन ज्वालामुखी शिकवायची गरज नाही, तो अंगावरच येतो. ज्याची विहीर त्याला आधी विचारा, काठापासून लांब राहा आणि लिंबं घरून न्या, नाहीतर मामीची मर्जी जाते. दगड किती आणायचे ते मात्र निघायच्या आधी ठरवा. आमच्या गॅलरीत आता तुळशीला जागा नाही.

परवा मामाचा फोन आला. मांजऱ्या संपला, लाल गेरूच्या खालचा पाषाणच लागतोय, पाण्याचा पत्ता नाही, मुकादमाने दर वाढवून मागितलाय. मग मला म्हणाला, "तुझ्या पोरीला विचार की, लई हुशार हाय. ह्यो दगड अजून किती फूट असंल?"

पोरगी शेजारीच बसली होती. तिने हिशेबाला वही उघडली आणि ३३८ मीटरातून मामाचे पाच परस वजा करायला घेतले. मी म्हटलं, मामा, मामीला फोन दे.