डिझेल डस्टर लाख किलोमीटरवर गेली? आधी टायमिंग बेल्ट

रेनॉ डस्टरच्या १.५ लिटरच्या के९के डिझेल इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल एकमेकांशी जुळवून ठेवायला चेन नाही, बेल्ट आहे. हाच टायमिंग बेल्ट. तो तुटला किंवा दात सरकले, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवावं लागतं. मॅन्युअलमधली किलोमीटर किंवा वर्षांची मर्यादा, जी आधी येईल ती धरा. रबर उभ्या गाडीतही कडक होतं. सेकंडहँड गाडीत बेल्टचं बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असं समजा.

नुसता बेल्ट घालून पैसे वाचवू नका. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंपही नवा हवा, कारण पंप याच बेल्टवर फिरतो. त्याचं बेअरिंग जाम झालं की नवा बेल्टही गेला. क्रँकच्या टोकाशी ऑइल अडवणाऱ्या सीलपाशी बोट फिरवा. ऑइल लागलं तर सील बदला, ऑइलने बेल्ट फुगतो.

मेकॅनिककडे लॉकिंग पिना, म्हणजे बेल्ट बदलताना इंजिन नेमक्या जागी अडकवून ठेवणाऱ्या पिना, आहेत ना, हे आधी विचारा. व्हाइटनरच्या खुणांवर टायमिंग जुळवणाऱ्याकडे गाडी देऊच नये! क्रँक पुलीचा बोल्ट नवाच. बसवल्यावर पिना काढून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पिना पुन्हा बसतात का पाहायचं. मगच स्टार्टर. कूलंट भरताना हवा काढा.