37 किलोमीटरचा बोगदा आणि दिंडोरीतला एक प्रश्न

द्राक्षबागांना खतांविषयी सल्ला देणे हा माझा व्यवसाय असल्याने बागायतदारांच्या बैठका मला नित्याच्या आहेत. परंतु फळांसाठीच्या गोडी छाटणीपूर्वी दिंडोरी तालुक्यात झालेली ती बैठक वेगळ्याच विषयावर रंगली. पॉलिहॅलाइट या खनिजात पोटॅश, गंधक, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम एकत्र असते व क्लोराइड कमी असल्याने ते द्राक्षाला मानवते, हे समजावताना मी ओघात सांगितले, की इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या वुडस्मिथ खाणीतून ते टीसाइड या औद्योगिक भागापर्यंत नेण्यासाठी 37 किलोमीटर लांबीचा बोगदा खोदला जात आहे.

मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. समृद्धी महामार्गाच्या इगतपुरी-कसारा बोगद्यावर त्यांनी काम केले होते.

"साहेब, आमचा बोगदा आठ किलोमीटरचा, तरी सुरुंग उडवल्यावर धूर निघेपर्यंत आत जाता येत नव्हतं. तिथं एवढ्या लांबवर डंपर चालवायचे, तर माणसांना हवा कशी पुरणार?"

ज्याने तो धूर स्वतः सोसला आहे, त्यालाच असा नेमका प्रश्न सुचतो. मी खताचा विषय बाजूला ठेवून फळ्यावर आकृती काढली. तिथे सुरुंग आणि डंपर नाहीतच, म्हणून तसा धूरही नाही. खडक कापणारे यंत्र मागे काँक्रीटची कडी बसवत पुढे सरकते, आणि पुढे खनिजही विजेवर चालणाऱ्या पट्ट्यावरून जाणार आहे. खाण सुमारे 1.6 किलोमीटर खोल असली, तरी माल जमिनीवर न आणता खाणीच्या उभ्या विहिरीतून वर येताना वाटेतच या पट्ट्यावर उतरवायचा अशी योजना आहे. कारण खाण राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे आणि तिथल्या माळरानावरून ट्रकांची रीघ लागू द्यायची नाही. खडी क्रशरच्या धुळीने पांढऱ्या पडलेल्या बागा मी पाहिल्या आहेत. म्हणून हा खर्चिक निर्णय मला मनापासून पटतो.

"मग आमच्याकडे तो माल कधी येणार?" असे एकाने विचारले. 2024 मध्ये त्या प्रकल्पाची गती कमी करण्यात आली. सध्याचे पॉलिहॅलाइट त्याच किनाऱ्यावरच्या जुन्या बूल्बी खाणीतून येते, असे मी सांगितले. त्यात पोटॅश सुमारे 14 टक्केच असते, तर सल्फेट ऑफ पोटॅश या खतामध्ये 50 टक्के. त्यामुळे मणी भरताना केवळ पॉलिहॅलाइटवर विसंबू नये, हेही मी सर्वांना लिहून घ्यायला लावले.