तुम्ही विचारलंत म्हणून: शुगर आहे ना, मग गोड गोळ्यांच्या दुकानात काय करता?

हे मला सोसायटीतल्या वहिनींनी विचारलंय, ऑफिसातल्या पोरांनी विचारलंय, नणंद तर दर दिवाळीला विचारते. विचारणं कसलं, "पकडलं की नाही!" असा सूर असतो. तर घ्या, एकदाचं सांगून टाकते.

मला टाइप टू डायबिटीस, 14 वर्षं झाली, त्यातली शेवटची 4 इन्सुलिनवर. अन् महिन्यातून एकदा मी इथे नागपुरात सुभाष नगरहून मेट्रोत बसते, चितार ओळी चौकात उतरते आणि चालत चालत इतवारीतल्या एका बोळीत जाते, तिथे गोळ्या-बिस्किटांचं जुनं दुकान आहे, ठोक पण अन् चिल्लर पण. काचेच्या बरण्या, त्यावर पत्र्याची झाकणं, काही झाकणं इतकी गंजलीत की दुकानदार काकाजींना बरणी पोटाशी धरून फिरवावी लागतात. लिमलेट, श्रीखंडाच्या गोळ्या, पेपरमिंट, बडीशेपच्या रंगीत, चिंचेच्या मीठ लावलेल्या. होळी जवळ आली की वरच्या खिळ्याला साखरेच्या गाठ्यांच्या माळा लटकतात आणि दुकानात वाकूनच शिरावं लागतं. वास कसला म्हणाल तर पेपरमिंट, पोतं आणि थोडा उंदराच्या औषधाचा, खोटं कशाला सांगू.

घ्यायला जाते ती मुख्य लिमलेट. ती संत्र्याच्या फोडीसारखी असते ना, वरून साखर भुरभुरलेली, तीच. (संत्र्याच्या गावात राहून त्या गोळीत संत्र्याचा एक थेंब नसतो, असो.) ही गोळी माझ्यासाठी औषध आहे, आणि हेच कोणाला पटत नाही.

मागच्या मे महिन्यातलं सांगते. सकाळी इन्सुलिन घेतलं, नाश्त्याला तर्री पोहा, तो पण अर्धीच प्लेट, आणि पडदे घ्यायला बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेले. 44-45 टेंपरेचर असेल, दुपारचा दीड वाजला, जेवायचा पत्ता नाही, अन् एकदम हात थरथरायला लागले, घाम फुटला, समोरच्या पाटीवरची अक्षरं पोहायला लागली. दुकानातला माणूस ओरडला, "बाईले ऊन लागलं जी!" एकानं पाणी आणलं, एकीनं पर्समधला कांदा काढून फोडला आणि माझ्या नाकाशी धरला, नागपूरच्या उन्हाळ्यात कांदा सोबत ठेवतातच लोकं. माणसं फार चांगली. पण शुगर उतरली असताना कांद्यानं काय होणार? मीटर लावलं तर 58. पर्समधल्या चार लिमलेट काढल्या आणि चोखत न बसता कडाकडा चावून खाल्ल्या. पंधरा मिनिटांनी 84. मग शेजारून पोळी-भाजी मागवून खाल्ली आणि पडदे पण घेतले, निळे.

शुगर 70 च्या खाली गेली की लगेच रक्तात उतरेल अशी 15 ग्रॅम साखर घ्यायची, 15 मिनिटं थांबायचं, परत मोजायचं, हा नियम डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी शिकवला होता. घरच्या काट्यावर एक लिमलेट 4 ग्रॅमच्या आसपास भरते, जवळजवळ सगळी साखरच. चार गोळ्या, झाला हिशोब. चॉकलेटनं हे काम नीट होत नाही, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर हळू चढते. आणि उन्हात इन्सुलिन अंगात लवकर भिनतं, म्हणून मे महिन्यात माझी पुडी जरा मोठी असते.

भाच्यानं एकदा मोठ्या प्रेमानं शुगर फ्री गोळ्यांचा डबा आणला. त्यात साखरेऐवजी माल्टिटॉल नावाचं गोड होतं. मी सहा खाल्ल्या आणि संध्याकाळभर पोटात मारबतीच्या मिरवणुकीसारखा गोंधळ. वर शुगर लो झाल्यावर त्या काही कामाच्या नाहीत, कारण तेव्हा साखरच पाहिजे असते ना बाबा! गुळाचं चालतं ना, असं विचारणाऱ्यांना तर मी आता उत्तरच देत नाही.

आता राहिलेला अर्धा खरेपणा. मी तिथं फक्त औषध घ्यायला जात नाही. मिठाईच्या दुकानात गेलं की पाव किलोच्या खाली कोणी बोलायला तयार नसतं, आणि संत्रा बर्फीच्या एका वडीत साखर किती, खवा किती, हे बनवणाऱ्यालाच माहीत. गोळ्यांच्या दुकानात मोजून मिळतं. श्रीखंडाच्या दोन द्या म्हटलं तरी काकाजी तोंड वाकडं न करता दोन देतात. महिन्याला दोन, जेवणानंतर, पंधरा दिवसांनी एक. माझं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, 7 च्या आत आहे आणि डॉक्टरांना या दोन गोळ्या माहीत आहेत, नणंदेला नाहीत. बाकी तान्हा पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरं दारात येतात, त्यांच्या बोजाऱ्यासाठी, म्हणजे खाऊसाठी, किलोभर घेते, त्याला हात लावत नाही. बरं, एखादी लावते.

शिवाय गप्पा असतात. रावळगाव कंपनीचा गोळ्यांचा धंदा 2024 मध्ये 27 कोटींना रिलायन्सकडे गेला तेव्हा काकाजी दोन दिवस तेच सांगत होते. "1942 पासूनच्या गोळ्या जी, अन् 27 कोटी? धरमपेठेत तेवढ्यात धड दोन बंगले येत नाही!" रावळगावच्याच पान पसंद गोळ्यांची बरणी त्यांनी तेव्हापासून गल्ल्याजवळ ठेवलीय, का ते विचारलं नाही.

पूर्वी ते पुडी बांधली की वरून एक गोळी हातावर ठेवायचे, फुकट, प्रत्येकालाच. मी एकदा सांगितलं, काकाजी, मला शुगर आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या लिमलेटच्या पुडीकडे बघितलं, म्हणाले, "मंग हे काऊन?" मी सगळं सांगितलं, 58 पासून. आता ते पुडी देतात आणि वरून चिमूटभर फुटाणे.