सासूबाईंचं नाव दोन्ही कार्डांवर नव्हतं

शुक्रवार, २३ मे २०२५. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायला दोन दिवस होते. सासूबाई कूलरसमोर बसून भाजी निवडत होत्या आणि एकदम म्हणाल्या, "छाती जड होऊन राहिली माह्यी." घाम त्या उन्हात सगळ्यांनाच येत होता, म्हणून पहिली पाच-दहा मिनिटं मी उठलेच नाही. ती मिनिटं मला अजून टोचतात. वस्तीतल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि लगेच भरती करा म्हणाले. जवळच्या खासगी दवाखान्यात सरकारची फुकट उपचाराची जन आरोग्य योजना नव्हती, आधी ३० हजार भरा म्हणाले. आम्ही तसंच ऑटोत बसवून त्यांना मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तिथून सुपर स्पेशालिटीला.

एक नस बंद निघाली, स्टेंट टाकावा लागणार होता. "योजनेतून होऊन जाईल. राशन कार्ड आणलं ना?" डॉक्टरांनी विचारलं. मी पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेली दोन कार्डं काढली. योजनेच्या कामात रुग्णांना मदत करायला आरोग्यमित्र म्हणून बसलेल्या ताईंनी आधी उमरेडचं कार्ड उघडलं. सासूबाईंच्या नावावर लाल पेनाची आडवी रेघ होती, बाजूला सही आणि शिक्का. मग आमचं नागपूरचं केशरी कार्ड. त्यात यांचं नाव, माझं, दोन्ही पोरांचं, आणि खाली कोरी ओळ. ताईंनी आधार नंबर टाकून पाहिला. "नाव येऊनच नाही राहिलं, काकू."

हे कसं झालं ते सांगते, कारण ही चूक आम्ही चांगलं करायला जाऊन केली.

सासूबाईंचं नाव उमरेडकडे मोठ्या भासऱ्यांच्या कार्डावर होतं. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडेच राहतात. मार्चमध्ये मी आयुष्मान कार्ड काढायला सेवा केंद्रात गेले, तर तिथले भाऊ म्हणाले, आजीचं नाव तुमच्या राशन कार्डावर आणा, नाहीतर नागपुरात चालणार नाही. आम्ही विश्वास ठेवला. एक माणूस दोन कार्डांवर राहू शकत नाही, म्हणून आधी उमरेडच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला आणला आणि तो जोडून एप्रिलच्या मधल्या आठवड्यात इथल्या राशन ऑफिसात नाव वाढवायचा अर्ज दिला. पावती मिळाली. "होऊन जाते," म्हणाले. तिकडून नाव लगेच गेलं, इकडे महिना उलटला तरी चढलं नाही. त्या मधल्या दिवसांत सासूबाई सरकारच्या हिशोबी कुठल्याच घरात नव्हत्या.

आणि हे सगळं करायची गरजच नव्हती. आरोग्यमित्र ताईंनी सांगितलं तेव्हा मी मटकन खाली बसले. कार्ड महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्ह्याचं असो, योजनेतल्या कोणत्याही दवाखान्यात ते चालतं. उमरेडच्या कार्डावर नाव राहू दिलं असतं तर शुक्रवारीच काम झालं असतं. फरक एवढाच पडला असता की खर्च भासऱ्यांच्या कुटुंबाच्या रकमेतून गेला असता, आमच्या नाही.

वय सत्तर किंवा त्याच्या वर असेल तर म्हाताऱ्या माणसांच्या फुकट उपचाराचं वय वंदना कार्ड निघतं, त्याला राशन कार्ड लागत नाही, फक्त आधार. सासूबाई १९७२ च्या दुष्काळात दोन लेकरांच्या आई होत्या, म्हणजे सत्तरी कधीच ओलांडली. पण आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९५७. त्यांच्या वयाच्या किती बायांच्या आधारवर १ जानेवारी आहे ते आपल्या घरात पाहा. कागदावर त्या अडुसष्टच्या, तो रस्ताही बंद.

शनिवार-रविवार ऑफिस बंद. त्या दोन रात्री मी आयसीयूबाहेरच्या फरशीवर काढल्या. सोमवारी डॉक्टरांचं पत्र घेऊन आम्ही दहाच्या आधी राशन ऑफिसच्या दारात होतो. पत्रावर रुग्णाचं नाव, आजार आणि "तातडीने उपचार आवश्यक" असं लिहून घेतलं होतं, खाली शिक्का. हे पत्र मागायचं असतं हेही ताईंनीच सुचवलं. साहेबांनी पत्र वाचलं, पावतीवरची तारीख पाहिली आणि एका शब्दाने वाद न घालता अर्ज वर काढायला सांगितला. दुपारी कोऱ्या ओळीवर नाव लिहिलं गेलं. पण हाताने लिहिलेल्या नावाने भागत नाही, ते बारा आकडी नंबरावर ऑनलाइन दिसावं लागतं. ते मंगळवारी सकाळी दिसलं.

मग केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं. सासूबाईंचा अंगठा उमटेना. चाळीस वर्षं निंदण आणि कापूस वेचणी केलेले ते हात, रेषा कुठून राहणार! ओटीपी गेला उमरेडच्या पुतण्याच्या मोबाईलवर, तो शेतात. तिसऱ्यांदा फोन लागला तेव्हा त्याने आकडे वाचून दाखवले. बुधवारी मंजुरी आली, गुरुवारी स्टेंट पडला. आमच्याकडून त्याचे पैसे घेतले नाहीत. सुट्टी झाली तेव्हा दहा दिवसांच्या गोळ्याही योजनेतूनच मिळाल्या.

बाया मला विचारतात म्हणून थोडं सांगते. आमच्याकडे अजून सगळे या योजनेला जीवनदायी म्हणतात. २०१२ मध्ये काही जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली, नागपूरला २०१३ च्या नोव्हेंबरात आली, २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आधी दीड लाखापर्यंत होती. १ जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं कोणतंही कार्ड चालतं आणि वर्षाला पाच लाख, पण ते पूर्ण कुटुंबाला मिळून, माणशी नाही. हप्ता भरायचा नसतो. आजार जुना आहे म्हणून नाकारत नाहीत. मात्र ओपीडीत दाखवून लिहून दिलेली औषधं यात येत नाहीत. भरती व्हावं लागतं, दवाखाना योजनेतला लागतो आणि उपचार यादीत लागतो. म्हणून पैसे भरायच्या आधी "योजनेत बसते काय?" हे बिलाच्या खिडकीवर विचारू नका, आरोग्यमित्राला शोधून विचारा. तो सापडला नाही किंवा कोणी पैसे मागितले तर १५५३८८ वर फोन करा, फुकट आहे. जीव धोक्यात असेल तर फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागून देता येतात.

मी शिवणकाम करते. माप घ्यायला आलेल्या बाईला आता मी कार्डाचं विचारतेच. मागच्या आठवड्यात समोरच्या गल्लीतली नवी सून ब्लाऊजला आली. सातवा महिना. माहेर भंडाऱ्याचं. लग्नानंतर वडिलांनी कार्डावरून नाव कमी करून दाखला हातात दिला होता. तो तिने आलमारीत साड्यांच्या घडीत जपून ठेवला होता. सासरच्या कार्डावर नाव? "नाही चढवलं अजून, काकू. बाळ झाल्यावर दोघांचं संगच चढवू म्हणतात." मी टेप खाली ठेवला. सोमवारी तिला आणि तिच्या सासूला घेऊन मी ऑफिसात जाते आहे.